फळी दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे

...न्हाई, मला एवढंच सांगा, माणूस गळ्याएवढ्या पाण्यात हाय, कमरेला कासरा, तोंडात अर्धं धरण, एका हातानं कसाबसा फोन कानाला लावलाय... आन् ती बाई एवढ्या गोड आवाजात बोलतीच कशी? "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे." व्यक्ती? कोण व्यक्ती? फळी हाय ती, बाई! थर्माकोलची फळी! तिला कुणाचा फोन यील? मला येत नाय, तिला कुठनं यील? आन् ती फळी मला ओढत ओढत डिंभ्याच्या धरणाच्या मधी घिऊन चाललीय, आन् मी पाणी पीत पीत सांगतोय, "बाई, तिला फोन ठिवायला लावा, मी बुडतोय," तर बाई म्हणती, "कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." थोड्या वेळानं! थोड्या वेळानं मी हाय का पण?

हसू नका. हसायचं असंल तर मागनं हसा, कारण तुमी हसला की मला पण हसू येतं, आन् मला हसायचा अधिकार नाय. हे सगळं मीच केलंय.

मी सुदर्शन. गाव वारूळवाडी, नारायणगावाला चिकटून. शेतात ठिबकच्या नळ्या जोडायचं काम करतो आन् उरलेल्या वेळात मोबाईल बघतो. सगळं पाप त्या उरलेल्या वेळातलं. एक दिवस काय बघितलं, तर परदेशातला एक गडी पाण्यावर चाललाय. पाण्यावर म्हंजे पाण्याच्या वर, राव! पायाखाली फळी, फळीखाली दांडा, दांड्याला पाण्यात बुडालेलं इमानासारखं पंख. वेग आला की ते पंख फळीला उचलतं आन् गडी पाण्याच्या दोन फूट वर... खिशात हात घालून! शिट्टी वाजवत असणार, पण मोबाईलचा आवाज बंद व्हता, तात्या झोपलेले. तात्या म्हंजे आमचं वडील. त्या पंखवाल्या फळीला म्हणतात फॉईल. मी आईला म्हणलं, "आई, मला फॉईल शिकायचंय." आई म्हणली, "त्यात शिकायचं काय? चपात्या ठिवायच्या आन् गुंडाळायचं."

मी म्हणलं, बरोबर हाय. त्यात काय अवघड हाय!

हे माझं वाक्य. हे वाक्य मी बोललो की आई देवापुढं दिवा लावती आन् तात्या घराची लाईट बंद करतात, मेन स्विचपासनं.

पुण्यातल्या एका साहेबानं जुनं फॉईल विकायला काढलेलं. खाली लिवलेलं, 'कंबर गेल्यामुळे देणे आहे.' मी फक्त 'देणे आहे' वाचलं. ज्याची कंबर गेली त्याला, कशानं गेली, असं एक अक्षर विचारलं नाय. आणलं घरी. आता त्याला लागते लाट. समुद्राची. आमच्या जुन्नर-आंबेगावात लाट म्हंजे एकतर उष्णतेची नायतर थंडीची, आन् दोन्हीवर उभं राहता येत नाय. मग परत मोबाईल. त्यात दुसरा एक गडी, त्याच्या पुढं एक बारकी फळी, तिच्या पोटाला मोटर, मोटरला पंखा, मागं दोरी. ती फळी रिमोटवर पळती, दोरीनं मागच्याला ओढती, वेग आला की मागचा उठतो आन् उडतो. म्हंजे दोन फळ्या, बघा. पुढची ओढफळी, मागची उडफळी. नावं मीच ठिवलीत, त्यांची नावं मला बोलता येत नाय. उडफळी आपल्याकडं हाय. ऱ्हायली ओढफळी. करू घरी. त्यात काय अवघड हाय!

फुलांच्या पेट्यांचं थर्माकोल आणलं, एकावर एक ठिवलं, चिकटवायचं कशानं? मी ठिबकवाला. मला जगातलं सगळं एकाच गोष्टीनं चिकटवता येतं, पायपाचं सोल्युशन. लावलं सढळ हातानं, वरनं शेततळ्याचा काळा कागद गुंडाळला, कडा दाबल्या, झ्याक फळी झाली, आन् मी चहा प्यायला गेलो. चहा पिऊन येतोय तर फळी बसलेली. म्हंजे चपटी! कागद हाय, फळी नाय! दाबून बघितलं तर आत कायच नाय, राव. मला वाटलं उंदरं. एवढं थर्माकोल खाणारं उंदीर म्हंजे रानडुक्कर पायजे. कपिलला फोन केला.

कपिल माझा शाळेपासनंचा दोस्त. नारायणगावात मोटर वायडिंगचं दुकान हाय त्याचं, तालुक्यातली हरेक जळालेली मोटर त्याच्या हाताखालनं गेलेली. तो आला, कागद उचलला, वास घेतला आन् डॉक्टर नाडी सोडतात तसा कागद खाली सोडला. "भाऊ, सोल्युशन थर्माकोल खातं."

"खातं म्हंजे?"

"जेवतं. तू त्याला पोटभर जेवू घातलंस."

मग म्हणला, "फळी मी करतो. तू हात लावायचा नाय."

"मग मी काय करू?"

"तू उडायचं."

कामाची वाटणी लई सुंदर झाली. त्यानं एका ठोकर बसलेल्या इलेक्ट्रिक स्कुटीची मोटर आन् ब्याटरी आणली, डब्यात सील केली, मासं पाळणाऱ्यांच्या हवा मारायच्या यंत्राचा पंखा बसवला. पहिल्यांदा वायर उलटी लागली आन् फळी उलटी पळून माझ्या नडगीवर आली, ते सोडा, ते माझ्या हातानं झालं. मी एकच वायर जोडली व्हती. आता ऱ्हायला रिमोट. कपिल म्हणला, रिमोट मागवावा लागंल, म्हैना जाईल. मी म्हणलं, म्हैना? अरे, आपल्या विहिरीच्या मोटरी कशावर चालतात?

तुमाला म्हाईतच हाय. ज्यांना नाय त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं रानातल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर असतो. पेटीत सिमकार्ड. घरात बसून त्या नंबरला फोन लावायचा, पेटी स्वतःच फोन उचलती, आतनं बाई बोलती, "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे." तालुकाभर तीच बाई, तोच आवाज. आमच्या तात्यांना जगात फक्त तीच बाई नमस्कार करती. कपिलकडं असला एक जुना पडलेला. त्यानं डोकं लावलं, "फोन चालू तवर मोटर चालू. फोन कट, मोटर बंद. रेंज गेली तरी बंद. म्हंजे सेफ्टी." मी त्याला मिठीच मारली. मग तो म्हणला, "सिम हाय का मोकळं?"

हाय की. लईच मोकळं हाय.

आता इथं जरा बाजूला येतो. दोन वर्षांपूर्वी तात्यांनी माझा बायोडाटा काढला. वरती गणपती, खाली फोटो, उंचीत दीड इंच कपिलनं वाढवलेला, आन् संपर्कासाठी नंबर. मी म्हणलं, तात्या, कामाचा नंबर नको टाकायला, स्थळांचे फोन येणार, ठिबकच्या गिऱ्हाइकांचे येणार, लाईनीला गर्दी व्हईल. तर गर्दी नको म्हणून नवीन सिम घेतलं. स्पेशल. फक्त स्थळांना. दोन वर्षांत त्या नंबरवर एक फोन आला. पोरगी छान बोलत व्हती. कॉलरट्यून लावा म्हणली. मी लावली.

तर ते सिम. कपिल म्हणला, "पेटीत तुझा नंबर रजिस्टर करतो, म्हंजे दुसऱ्या कुणी फोन केला तर चालू व्हणार नाय." त्याला पासवर्ड लागत व्हता, पासवर्ड त्याला आठवत नव्हता. मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे रं. त्या नंबरवर कोण फोन करतंय?" कपिल माझ्याकडं बघत ऱ्हायला, लई दुखावल्यासारखा, म्हणला, "खरंय भाऊ."

आमच्या शेततळ्यात ट्रायल घेतली. फोन लावला, बाई बोलली, फळी सुटली! पण मी उभा ऱ्हायच्या आत शेततळं संपलं. दहा गुंठ्याचं तळं, राव, दोरी ताणली जायला सहा गुंठे लागतात. मोठं पाणी पायजे. मोठं पाणी म्हंजे डिंभे. जाऊ की डिंभ्याला, त्यात काय अवघड हाय!

ठरलं शनिवारी. आन् शनिवारी सकाळीच तात्या दारात. "कुठं निघाला?"

"कामाला."

"आज डिंभ्याच्या पावण्यांचा फोन यील. हौशीराम नाव हाय. पोरगी समृद्धी, मंचरला लॅबमध्ये रक्त तपासती. बायोडाटा आवडलाय त्यांना."

मी म्हणलं, "आवडलाय? कुणाचा?"

"तुझा, मुडद्या! दोन सालात पयलं माणूस हाय ज्यानं दुसरं पान उलटलं. फोन हातात ठेव. वाजला की उचल. आज फोन उचलला नायस तर संध्याकाळी घरात यिऊ नको." आन् मग तात्या जरा खालच्या आवाजात म्हणले, "तुझ्या आईनं सून-सून म्हणून नवी कपबशी काढून ठिवलीय रं." आता वडील वरडले तर मला काय वाटत नाय. पण हे कपबशीचं लागलं. मी मनातल्या मनात शपथ घेतली, आज काय बी झालं तरी फोन उचलायचा. पाण्यात असलो तरी. आन् खरंच, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गळ्यात बांधला. एवढा जबाबदार मी जन्मात झालो नव्हतो. फक्त एवढंच इसरलो की बायोडाटावर नंबर दुसरा हाय. आन् तो नंबर फळीच्या पोटात हाय.

पिकअपमधी दोन्ही फळ्या निळ्या कागदात गुंडाळून, सुतळीनं चार जागी बांधून निघालो. घोडेगावात चहाला थांबलो तर एका म्हाताऱ्यानं मागं बघितलं, टोपी काढली, हात जोडलं, "कोण गेलं हो?" मी म्हणलं, "अजून कोण नाय, बाबा. दुपारपत्तर कळंल."

मे महिना. धरणाचं पाणी आत सरकलेलं, कडंला नुसता गाळ. एवढ्या लांब आलेलो, परत फिरणार का? उतरलो. कपिल काठावर, हातात मोबाईल, व्हिडिओ काढायला. मी पाण्यात, उडफळीवर पालथा, पुढं ओढफळी, मधी दोरी. दोरी म्हंजे आपला बैलाचा कासरा. मी फोन लावला. "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे." सुटली! मी गुडघ्यावर आलो आन् पडलो. परत लावला. "नमस्कार." पडलो. परत. "नमस्कार." पडलो. सात वेळा नमस्कार झाला, एवढा मान मला कुठल्या लग्नात मिळाला नाय. अडचण अशी की फळीवर उभं ऱ्हायला दोन हात पायजेत, फोन धरायला एक, कासरा धरायला दोन. हात किती हायेत? मोजून बघितलं. दोनच. मग मी कासरा कमरेला बांधला.

काठावरनं कपिल वरडला, "ए, बांधू नको! सुटायला पायजे तो!"

मी वरडलो, "त्यात काय अवघड हाय!"

आन् गाठ कुठली मारली? बैलाला मारतात ती. जितकी ओढ बसंल तितकी घट्ट.

आता नीट ऐका. फोन कट केलेला. फळी थांबलेली. मी उडफळीवर मांडी घालून बसलोय, पुढच्या खेपंला पाय कुठं ठिवायचा त्याचा इचार करतोय, समोर डोंगर, वारा, एक बगळा... आन् ओढफळी आपोआप चालू! घर्र्र! मी फोन बघतोय, मी लावलेलाच नाय! कासरा ताणला, कंबर पुढं, मी मागं. आडवा झालो, उलटा झालो, सरळ झालो. फोन लावला, म्हणलं माझा कॉल घुसला तर काय तरी व्हईल, तर ती बाई, "दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे." दोन वर्षं! दोन वर्षं त्या नंबरला कुत्रं इचारत नव्हतं, आन् आज तो बिझी!

कुणाबर बोलत व्हता? हे मला मागनं कळलं, पण तुमाला आत्ताच सांगतो. समोरच्या काठाला हौशीरामांचं रान. धरणात मोटर टाकून कांद्याला पाणी घेतात. हौशीराम बायोडाटा हातात घिऊन बांधावर उभं, नंबर दाबला, कानाला लावला, "हॅलो, कोण सुदर्शन का?" तर तिकडनं, "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे." आता त्यांच्या स्टार्टरमधी बी तीच बाई! हौशीरामांना वाटलं, च्यायला, पावण्याला लावायचा फोन चुकून आपल्याच मोटरीला लागला. लागला तर लागला, लाईट हाय तवर चार सऱ्या भिजवून घिऊ. पाणी आलेलं बघूनच ठिवू म्हणून त्यांनी फोन ठिवलाच नाय! फोन कानाला धरून पायपाजवळ जाऊन उभं ऱ्हायले, पाणी कवा येतंय बघत. आन् पाणी येईना. "समृद्धे! अगं, मोटर चालू झाली म्हणती, पाणी का येईना?"

समृद्धी बांधावर उभी राहून धरणाकडं बघत व्हती. म्हणली, "पाणी न्हाई पप्पा. माणूस यायला लागलाय."

यायला लागलाय कारण ओढफळी सरळ चालत नाय, डाव्या अंगाला ओढती. डावीकडं डिंभे गाव, हौशीरामांचा काठ. आन् त्या सगळ्या गोंधळात, कसं झालं मला म्हाईत नाय, माझं दोन्ही पाय फळीवर आलं. फोन सोडून दिलेला, गळ्यात लोंबतोय. मी उभा. आन् आवाज बंद झाला. पाण्याचा फडफड आवाज एकदम बंद, राव... खाली बघतो तर फळी पाण्याला लागलेलीच नाय. दोन फूट खाली पाणी, त्यात माझी सावली पळतीय. मी उडत व्हतो! अकरा सेकंद. कपिलच्या व्हिडिओत मोजलेत. अकरा सेकंद हौशीराम पाण्याची वाट बघत व्हते आन् मी उडत व्हतो. मी खिशात हात घालायला गेलो. हाफ चड्डीला खिसा नव्हता. तेवढ्यात हौशीराम म्हणले, "काय कटकट हाय," आन् त्यांनी फोन ठिवला.

बुडालो. वर आलो. आता समृद्धी बघतीय. तिनं बापाच्या हातातनं बायोडाटा घेतला, फोन घेतला, तोच नंबर लावला. घर्र्र! मी चाललो. कट. मी बुडालो. परत लावला. चाललो. कट. बुडालो. हौशीराम म्हणले, "अगं काय करतीस, मरंल तो!" ती म्हणली, "एकदा तपासून कळत नसतं पप्पा. तीनदा बघावं लागतं, मग रिपोर्ट." तिसऱ्यांदा तिनं कट केलाच नाय, थेट गाळात आणून लावला मला.

ओढफळी गाळात रुतली तवा तिनं फोन ठिवला. मी गुडघ्याएवढ्या गाळात उभा, डोक्यापासनं खाली काळा, नाकात गाळ, फक्त डोळं दिसतात. हौशीराम पुढं आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी. भला माणूस. "पावणं, कुठलं म्हणायचं?"

"वारूळवाडी," मी म्हणलं. खोटं बोलायचं सुचलंच नाय.

"वारूळवाडी! मंग तिथलं दादाभाऊ म्हाईत असतील, त्यांचा पोरगा सुदर्शन? फोन लावतोय, लागंना त्याचा."

आता इथं कुठला पण शहाणा माणूस म्हणला असता, मीच तो. पण माझ्या गळ्यात फोन, डोळ्यापुढं आईची कपबशी, आन् अंगावर एवढा गाळ की सख्खी आई ओळखणार नाय... मी म्हणलं, "ओळखतो की. लई जवळनं."

"कसा हाय पोरगा?"

"सोनं हाय," म्हणलं. "कसला नाद नाय. गरीब. पाय कायम जमिनीवर." इथं माझा उजवा पाय अजून एक वीतभर आत गेला.

"काम करतो का?"

"म्हंजे काय! उठला की काम. मोबाईलला तर हात लावत नाय."

"म्हणून फोन उचलत नसंल," हौशीराम खुश झाले. मला वाटलं, जमलं! स्वतःचं स्थळ स्वतः जुळवणारा तालुक्यातला मी पहिला! त्यात काय अवघड हाय!

तेवढ्यात समृद्धी म्हणली, "पप्पा, परत एकदा लावून बघू त्या सुदर्शनला?" आन् माझ्या डोळ्यात बघत तिनं बटण दाबलं.

गाळात रुतलेला पंखा फिरला ना, राव... पिकाला फवारणी मारतात तशी. हौशीरामांचा सदरा, टोपी, मिशी, समृद्धीच्या हातातला बायोडाटा. फोटोतला मी सुदीक भरलो. आन् फोनवरनं ती बाई, "नमस्कार. आपली मोटर..." समृद्धीनं कट केला. बगळा उडून गेला. मग हौशीरामांनी मिशीवरचा गाळ पुसला, फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फळीकडं बघितलं आन् म्हणले, "ही किती वजन ओढती?"

मी म्हणलं, "माझ्याएवढं."

"हं," म्हणले. "रविवारी घर बघायला येतो."

ऐकलं का? घर बघायला येतो! तात्यांना सांगितलं तर त्यांनी त्या दिवशी मेन स्विच स्वतःच्या हातानं चालू केला. रविवारी पावणं आले. पोहे झाले, नवी कपबशी निघाली, मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर, पाय एकदम जमिनीवर. हौशीरामांनी मला एक सवाल इचारला नाय. इकडं तिकडं बघत म्हणले, "ती कुठं हाय?"

आई म्हणली, "कोण ती?"

"फळी."

गोठ्यात ठिवलेली. हौशीराम उठले, गोठ्यात गेले. वाकून बघितलं, वाजवून बघितलं, पंखा बोटानं फिरवला. मला हळूच सांगितलं त्यांनी, "उन्हाळ्यात पाणी आत सरकतं. आठवड्याला पायपाचं तोंड आत न्यावं लागतं, छातीएवढ्या गाळात. मागल्या साली दोन तास रुतून बसलो व्हतो, ही लॅबला गेलेली, हाक ऐकायला कुणी नाय. ही फळी पायप ओढून आत नील का?" मी म्हणलं, "नील." मग ते मोठ्यांदा म्हणले, "पसंत हाय!"

ओसरीवर तात्यांनी 'पसंत हाय' एवढंच ऐकलं. पेढ्याचा पुडा तयारच व्हता. गोठ्यातनं मी बाहेर येस्तोवर आळीत सात घरी पेढं पोचलेलं.

समृद्धी आन् मी गोठ्यात, म्हणजे पोरा-पोरीला जरा बोलू द्या म्हणतात तसं, बाजूला म्हैस. ती म्हणली, "राग मानू नका. पण फोन लावला की पळतो आन् कट केला की बुडतो, असला नवरा मला नको. आन् गाळात उभं राहून स्वतःचंच सोनं इकत व्हता तुमी."

मी म्हणलं, "मग घर बघायला का आला?"

"फळीचं घर बघायला. पप्पांना मागल्या साली मी संध्याकाळी येऊन बाहेर काढलंय. फळी पायजे आमाला." आन् मग म्हणली, "उडत व्हता तवा मात्र बरं दिसलात." एवढंच. अकरा सेकंदांचं.

नाय म्हणू का? तुमी म्हणला असता? मी म्हणलं, न्या.

हौशीरामांनी तात्यांना इचारलं, "देण्याघेण्याचं कसं?" तात्यांना तवर कळलं व्हतं पसंत कोण पडलंय. पेढ्याच्या रिकाम्या पुड्याची घडी घातली, मग म्हणले, "आमी काय घेत नाय. नीट सांभाळा म्हंजे झालं." आन् फळी पिकअपमधी चढली तवा आई आतनं ताट घिऊन आली. आईला इनोद कळत नाय, इनोद तिच्यासमोर झाला तरी ती पदर सावरून बाजूनं जाती. तिनं फळीला कुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण... ओटी भरली हो फळीची! आन् डोळ्याला पदर लावला. गाडी हालली. तात्या वळले, माझ्या खांद्यावर हात ठिवला, म्हणले, "चला... घरातलं एक तरी उजवलं."

मला वाटलं इथं संपलं. कुठलं संपतंय! कपिल म्हणला, ब्याटरी महिन्याला तपासावी लागंल, दुकानात आणावी लागंल. कोण आणणार? मीच. तर आता मी दर महिन्याला डिंभ्याला जातो. फळी आणायची, दोन दिवस ठिवायची, परत पोचवायची. हौशीरामांच्या घरी मला मान लई हाय, पाट देतात, पोळ्या करतात. जेवताना सगळे फळीचं सांगतात, कशी कामाची हाय, कशी गुणाची हाय, गाळात म्हणून कुणाला उतरू दिलं नाय. मी पण मान हलवतो, माणसाला आपल्याकडच्याचं बरं वाटतंच की.

डिंभ्याशी नातं जुळायचं व्हतं, ते जुळलं. ओटी भरून दिलेली लेक माहेरी न्यायला जो जातो, त्याला ज्या नावानं हाक मारतात, त्याच नावानं मारतात. मागल्या महिन्यात मी अंगणात गाडी लावली, केस नीट केले, शर्ट खोचला, आन् समृद्धीनं दारातनंच आत आवाज दिला, "आई, चहा टाक गं... मुराळी आला!"